खिडक्या पडलेले अंक

मागच्या महिन्यात दोन दिवस सुट्टी टाकून चाकूरला जाऊन आलो. निमित्त फारसं आनंदाचं नव्हतं. आमचं जुनं माळवदाचं घर पाडायचं ठरलंय. "तुझं काय असंल ते घिऊन जा, मागून बोंबलू नकोस" असा दादाचा फोन आला होता. आता माझं त्या घरात काय असणार? बारावीनंतर घर सोडलं त्याला तीसेक वर्षं होतील. तरी गेलो.

(पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. खाली दगडमातीच्या जाड भिंती. उन्हाळ्यात एसी झक मारतो इतकं गार. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जमीन हलली तेव्हा अशाच जड छतांखाली हजारो माणसं गेली. आमचं घर वाचलं, एका भिंतीला तडा गेला तो अजून आहे.)

तर त्या घरात, धान्याच्या कोठीशेजारी, एक पत्र्याची ट्रंक निघाली. ट्रंकेत क्रिकेटचे अंक. 'एकच षटकार', 'स्पोर्टस्टार', 'स्पोर्ट्सवर्ल्ड', थोडे 'क्रिकेट सम्राट', आणि तीन जाडजूड चिकटवह्या. मी तिथेच जमिनीवर बसलो. वहिनींनी दोनदा चहा आणून दिला, दोन्ही वेळा गार झाला.

अंक उघडायला लागलो आणि हसू आलं. एकही अंक धड नव्हता. प्रत्येकात चौकोनी खिडक्या! पान उलटावं तर पलीकडच्या पानावरचा मजकूर खिडकीतून डोकावतोय. कात्री कुणी चालवली हे सांगायला नकोच.

असो. या खिडक्यांबद्दल लिहायचंय, पण त्याआधी जरा अमेरिकेला जाऊन येऊ. (आयटीवाल्याचं लिखाण आहे, ऑनसाइटचा किस्सा आल्याशिवाय कसं संपेल? :-) )

*

२००४ साली मी ओहायोमध्ये एका क्लायंटकडे सहा महिने होतो. तिथला एक सहकारी, वयाने माझ्याएवढाच, एकदा घरी जेवायला घेऊन गेला. जेवणानंतर तळघरात नेलं. तिथे बेसबॉलच्या कार्डांची खोकीच्या खोकी. प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात, एकाही कार्डाचा कोपरा दुमडलेला नाही. शेजारी 'बेकेट बेसबॉल कार्ड मंथली' नावाच्या मासिकाचे गठ्ठे.

मी विचारलं, याची किंमत काय असेल? तो म्हणाला, "काही नाही." मला वाटलं विनयानं बोलतोय. पण खरंच काही नव्हती.

ही गोष्ट मुळातून सांगण्यासारखी आहे. खेळाडूंची कार्डं सुरू झाली ती सिगारेटच्या पाकिटातून. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे, कुणाच्या तरी डोक्यात आलं की त्यावर चित्र छापू. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंची मालिका काढली. म्हणजे क्रिकेटची कार्डं ही काही अमेरिकेची उसनवारी नव्हे. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात तंबाखूच्या पाकिटातून बेसबॉलची जी मालिका निघाली, तिच्यात होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड होतं. त्यानं आपलं कार्ड छापायला हरकत घेतली. पोरांनी कार्डासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, असं एक मत. पैसे दिले नाहीत म्हणून, असं दुसरं. काही असो, कार्ड थांबलं आणि मोजकेच नग बाहेर पडले. २०२२ साली त्यातला एक ७२ लाख ५० हजार डॉलरला गेला.

पुढे तंबाखूची जागा च्युइंगमनं घेतली. टॉप्स कंपनीची १९५२ ची मालिका प्रसिद्ध आहे. ती मालिका तयार करणाऱ्या साय बर्गर यांनीच पुढे सांगितलं की, न खपलेली खोकी त्यांनी १९६० च्या सुमारास बोटीत भरून अटलांटिक समुद्रात बुडवली. गोदामात जागा अडत होती म्हणून! उरलेली पोरांनी सायकलच्या चाकात लावून फडफडवली, आयांनी केरात टाकली. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं.

आता 'बेकेट'. जेम्स बेकेट हे ओहायोतल्याच बोलिंग ग्रीन विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचे. कार्डांचा नाद होता. कुठल्या कार्डाला काय भाव मिळतो याची माहिती लोकांकडून गोळा करून त्यांनी कोष्टकं बनवली, आणि १९८४ च्या नोव्हेंबरात मासिक सुरू केलं. प्रत्येक कार्डापुढे किंमत, भाव चढला की वर बाण, उतरला की खाली बाण. शेअर बाजाराचं पानच म्हणा ना. आणि मग सगळ्या अमेरिकेला कळलं की कार्ड ही जपायची वस्तू आहे. कंपन्यांनी छपाई वाढवली, पोरांनी पाकिटं न फोडता ठेवून दिली, आयांनीही केर काढताना हात लावला नाही. परिणाम? साधारण १९८७ ते १९९४ या काळातली कार्डं इतकी छापली गेली आणि इतकी जपली गेली की आजही ढिगानं मिळतात. तिथले संग्राहक त्या काळाला सरळ कचऱ्याचा काळ म्हणतात. १९९४ ला खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सीरीजच रद्द झाली, आणि बाजार बसला तो बसलाच.

म्हणजे ज्यांना किंमत नव्हती म्हणून फेकली गेली, ती मौल्यवान. ज्यांना किंमत आहे म्हणून जपली, ती रद्दी. त्या तळघरात मला हे गंमतशीर वाटलं होतं. आमच्या कोठीच्या खोलीत बसल्यावर ते जरा वेगळं दिसायला लागलं.

*

आपल्याकडे कार्डं अशी फार नव्हतीच. 'बिग फन' नावाचं च्युइंगम होतं, ऐंशीच्या दशकात. आतल्या कागदावर खेळाडूचा फोटो आणि रन किंवा विकेट. ठराविक रन जमले की झरझर पानं उलटली की बॅट फिरताना दिसते अशी छोटी पुस्तिका मिळायची. नंतर ट्रम्प कार्डं आली. आणि १९९९ ला ब्रिटानियाची ती वर्ल्डकपची स्कीम, बिस्किटाच्या पुड्यावर रन, १०० झाले की नशीब आजमवा. (त्या उन्हाळ्यात किती जणांच्या घरी नुसती बिस्किटंच खाल्ली गेली, हात वर करा.)

पण कार्डांची खरी भूक भागवली ती मासिकांनी. आमचं कार्ड म्हणजे मासिकातला फोटो.

याचाही इतिहास आहे. मद्रासच्या हिंदू समूहाचं 'स्पोर्ट अँड पास्टाइम' हे साप्ताहिक १९४७ ते १९६८ चाललं. मुंबईचं 'स्पोर्ट्सवीक' होतं. मग १९७८ ला हिंदू समूहानंच 'स्पोर्टस्टार' काढलं, मधल्या पानांवरच्या रंगीत पोस्टरसह. कलकत्त्याच्या आनंदबझार समूहाचं 'स्पोर्ट्सवर्ल्ड', संपादक साक्षात मन्सूर अली खान पतौडी. त्याच १९७८ साली दिल्लीहून हिंदी 'क्रिकेट सम्राट' सुरू झालं.

मराठीत खेळाला मानाचं पान मिळवून दिलं ते दैनिकात, वि. वि. करमरकरांनी. महाराष्ट्र टाइम्स १९६२ ला निघाला, आणि त्यात खेळाचं स्वतंत्र, रोजचं पान त्यांनी उभं केलं. खेळाची बातमी कोपऱ्यात चार ओळीत संपवायची सवय त्यांनी मोडली. २०२३ च्या मार्चमध्ये ते गेले.

आणि मग आलं 'एकच षटकार'. लोकांच्या तोंडी नुसतं 'षटकार'. संपादक संदीप पाटील. हे नाव शोभेलच अशी त्याची बॅटिंग. १९८२ ला ओल्ड ट्रॅफर्डला बॉब विलिसच्या एका षटकात त्यानं सहा चौकार मारले, त्यात एक नोबॉल, आणि नाबाद १२९ केले. (षटकार नव्हे, चौकार. पण 'एकच चौकार' नावाचं पाक्षिक कोण घेणार?) प्रत्यक्ष गाडा हाकणारे कार्यकारी संपादक होते द्वारकानाथ संझगिरी. मित्रांबरोबर त्यांनी हे पाक्षिक सुरू केलं. संझगिरी मुंबई महापालिकेत सिव्हिल इंजिनीअर होते! दिवसा पाणीपुरवठा, आणि उरलेल्या वेळात क्रिकेट. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी कीबोर्ड बडवणाऱ्या माझ्यासारख्याला या माणसाबद्दल भलतीच आपुलकी होती. २०२५ च्या ६ फेब्रुवारीला ते गेले तेव्हा वाटलं, आपल्याला वाचायला शिकवणाऱ्यांपैकी एक गेला. हो, वाचायलाच. शाळेत अक्षरं शिकलो, पण पान संपेपर्यंत जेवायला न उठणं मी षटकारमुळे शिकलो.

*

आता हे सगळं चाकूरला कसं पोचायचं ते ऐका.

चाकूर म्हणजे लातूर-नांदेड रस्त्यावरचं गाव. त्या काळी अंक मिळायचे लातूरच्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर. वडील कामानं महिन्यातून एकदोनदा लातूरला जात, येताना मिळेल तो अंक आणत. कधी ताजा, बरेचदा जुना. मॅच आम्ही रेडिओवर ऐकून विसरलेलो असायचो, मग दीड महिन्यानं फोटो दिसायचे. एखादा खेळाडू कसा दिसतो हे कळायच्या आधी त्याची सरासरी पाठ असायची. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती संशयानं बघतात.

इंग्रजी अंक आला की भांडण नसायचं. इंग्रजी कुणाला येत होतं? सरळ कात्री. बाभळीचा डिंक आम्ही स्वतः खरवडून आणायचो, वाटीत भिजत घालायचो, आणि फोटो चिकटवहीत. गावसकर एका वहीत, कपिल एका वहीत, बाकीचे सगळे मिळून तिसरीत. अझरुद्दीनला वेगळी वही द्यायची यावर बरीच चर्चा झाल्याचं आठवतं. (वही झाली नाही. २००० च्या डिसेंबरात त्याच्यावर बंदी आली, तेव्हा मला आधी ती चर्चा आठवली. २०१२ ला कोर्टानं ती बंदी बेकायदा ठरवली, पण मनातली वही काही पुन्हा सुरू झाली नाही.)

मराठी अंकाचं मात्र अवघड होतं. तो वाचायचाही असायचा. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. नियम असा होता की आधी दादा वाचणार, मग मी, मग कात्री. हा नियम मी किती पाळला ते ट्रंकेतल्या अंकांवरून दिसतंच आहे.

१९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागात लोक कित्येक दिवस घरात झोपायला तयार नव्हते. आम्हीही अंगणात ताडपत्रीखाली. धान्याबरोबर ही ट्रंकही बाहेर आणलेली, आणि मध्येच पाऊस. म्हणून खालच्या थरातले अंक एकमेकांना चिकटून वीट झालेत. गंमत म्हणजे त्याच १९९३ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात सायमन किंग नावाच्या संशोधकानं क्रिकइन्फो सुरू केलं होतं. परदेशात शिकणारी आपली पोरं संगणकावर धावफलक टाइप करत बसायची. आमच्या मासिकांची गरज संपवणारी गोष्ट जन्माला येत होती आणि आम्ही ताडपत्रीखाली ट्रंकेवर गोणपाट टाकत होतो.

क्रिकइन्फोबद्दल तक्रार नाही. मी त्याच धंद्यातला आहे. कुठलाही धावफलक दोन सेकंदात मिळतो याचं मला आजही कौतुक वाटतं. पण जुने अंक चाळताना लक्षात येतं की धावफलक म्हणजे सगळं नव्हे. १८ जून १९८३ चंच बघा. टनब्रिज वेल्स, झिंबाब्वेविरुद्ध आपण ५ बाद १७, आणि तिथून कपिल नाबाद १७५. त्या खेळीची चित्रफीत नाही. जे आहे ते फोटो, धावफलक आणि पाहणाऱ्यांनी लिहिलेले शब्द. फोटो आम्ही कापून ठेवले. धावफलक जालावर आहे. शब्द? ते खिडकीच्या चौकटीबरोबर कुठे गेले कुणास ठाऊक.

*

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

कपिलच्या वहीत एक फोटो आहे. आतल्या पानावरचा, बॉलिंग टाकताना हवेत उडी घेतलेला. डिंक वाळून एक कड सुटली होती. मी सहज कड उचलली तर मागे छापील मजकूर दिसला, आणि सगळ्यात खाली "चाकूर, जि. लातूर".

आमच्या गावाचं नाव? मासिकात?

फोटो वहीतून सुटेना, ओढला तर फाटेल. मग मोबाइलचा टॉर्च वहीच्या पानामागे धरला, दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढला, उलटा करून काँट्रास्ट वाढवला. दोनतीन प्रयत्नांत अक्षरं आली. वाचकांची पत्रं छापतात ते पान होतं. कात्री उभी चालल्यामुळे प्रत्येक ओळीचा पहिला अर्धा भाग गायब. करप्ट झालेल्या फाइलसारखं दिसत होतं:

"... हरलो याचं दुःख आहेच, पण"
"... मुलांना टर्फ विकेट म्हणजे काय हे"
"... कळणार? आम्ही खळ्यावर खेळतो, तेही"
"... निघाल्यावरच. मुंबई-पुण्याबाहेर"
"... चाकूर, जि. लातूर"

नाव कात्रीच्या पलीकडे गेलेलं. पण चाकूरमधून १९८७ साली क्रिकेटच्या मासिकाला पत्र लिहिणारं दुसरं कोण असणार?

संध्याकाळी दादा रानातून आला. मी मोबाइल पुढे केला. त्यानं चष्मा लावला, बघितलं, आणि हसला.

"तुला आत्ता कळलं व्हय?"

"दादा, हे तुझं पत्र? छापून आलं होतं?"

"आलं होतं की. वर्ल्डकपची सेमीफायनल हरलाव तवा लिहिलं होतं. गूचनं झाडूनच काढलं होतं आपल्याला."

५ नोव्हेंबर १९८७, वानखेडे. गूचनं स्वीप मार मार मारून ११५ केले, आपण ३५ धावांनी हरलो. गावसकर ४ वर गेला आणि ती त्याची शेवटची वनडे ठरली.

"मग दाखवलं का नाहीस कुणाला?"

"दाखवणारच होतो. वर्गात न्यायचं म्हणून अंक काढला, तर तू आधीच कापला होतास." हे तो अगदी सहज म्हणाला. "दोनचार दिवसांत दुसरा अंक मिळंल म्हणून लातूरला पण विचारलं. नव्हता."

"मला कधी बोलला नाहीस!"

"काय बोलायचं? तू नऊ वर्षांचा. तुला कपिलचा फोटो पाहिजे होता. खरं म्हणशील तर मला बी पाहिजे होता."

मी विचारलं, उरलेला मजकूर आठवतो का? दोन ओळी त्यानं धडाधड म्हणून दाखवल्या. तिसरीला अडला. मग म्हणाला, नाही, पहिली पण तशी नव्हती. शेवटी "काही विशेष नव्हतं रे त्यात, गावाकडं एखादं बरं मैदान पाहिजे एवढंच" म्हणून जेवायला उठला.

दादा शेती बघतो. सोळाव्या वर्षी तो आमच्या भागातला बऱ्यापैकी वेगवान बॉलर होता, असं त्याचे मित्र सांगतात. सांगतात म्हणूनच म्हणायचं, कारण त्या सामन्यांची नोंद कुठेही नाही. कुठल्याच संकेतस्थळावर नाही. जी एक छापील ओळ होती, तिचा अर्धा भाग मी कापला.

ट्रंकेत फक्त एक अंक पूर्ण निघाला. २००२ सालचा, इंग्रजी. हेडिंग्ले कसोटीचा. सचिन १९३, द्रविड १४८, गांगुली १२८, आपण डावानं जिंकलो. पण दादानं तो ठेवला होता तो ढगाळ हवेत सलामीला जाऊन ६८ धावा काढणाऱ्या संजय बांगरसाठी. बांगर मूळचा बीडचा. तोही रणजी खेळला रेल्वेकडून, हा भाग वेगळा. कोपऱ्यात पेन्सिलीनं दादाच्या अक्षरात फक्त "आपला" असं लिहिलंय.

*

पुण्याला आल्यावर मी कामाला लागलो. तो अंक नेमका कुठला हेच माहीत नाही, कारण कापलेल्या तुकड्यावर मासिकाचं नाव नाही. नोव्हेंबर १९८७ नंतरचा दोनतीन महिन्यांतला, मराठी, एवढंच. अप्पा बळवंत चौकात विचारलं, फुटपाथवरचे जुनी पुस्तकं विकणारे पालथे घातले. दिवाळी अंक आहेत, जुनी मॅगझिनं आहेत, खेळाची नाहीत. एका विक्रेत्यानं फार मार्मिक सांगितलं: "साहेब, ती यायची तेव्हाच फोटो कापलेली यायची. आम्ही घेतच नव्हतो."

कायदा तसा आहे. १९५४ च्या कायद्यानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ग्रंथालयांना द्यावी लागते, आणि १९५६ च्या दुरुस्तीनं त्यात नियतकालिकंही आली. तिथे शोधायचा माझा विचार आहे. आपल्या गावोगावच्या वाचनालयांकडून मात्र आशा कमी. मासिकांचे गठ्ठे दरवर्षी रद्दीत काढल्याशिवाय त्यांना नव्यांना जागा कुठून मिळणार? त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. टॉप्सनं समुद्रात खोकी टाकली तीही जागेपायीच.

मुंबईचे आनंदजी डोसा आठवतात. स्कोअरर आणि आकडेतज्ज्ञ. आयुष्यभर धावफलक, पुस्तकं, अंक गोळा केले, आणि संगणक यायच्या कितीतरी आधी हातानं नोंदी ठेवल्या. २०१४ साली ते गेले. अशी माणसं मोठ्या शहरात, मोठ्या क्रिकेटला मिळाली. उदगीर, अहमदपूर, चाकूरच्या खळ्यावरच्या क्रिकेटला कोण मिळणार होतं? फार तर एखादं वाचकाचं पत्र.

आम्ही जपलं काय, तर कपिलची उडी. ती आज गूगल केली की एका क्षणात शंभर वेळा मिळते, आमच्या वहीतल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. फेकलं काय, तर फोटोमागचं पान. ते कुठेच मिळत नाही. ओहायोतल्या त्या मित्रानं कार्डाचा एक कोपरा दुमडू दिला नव्हता, आणि आम्ही अख्खे अंक कातरले. पण चूक दोघांची एकच झाली, असं आता वाटतं. दोघांनीही चेहरेच तेवढे जपले. मीही आयुष्यभर डेटाबेसवर काम केलं, पण कुठली गोष्ट नोंदवायची आणि कुठली सोडायची हे ठरवताना आपण काय कातरतोय हा प्रश्न मला या वयात, डिंकानं चिकटलेल्या पानापुढे पडला.

सध्या एवढंच ठरवलंय. ट्रंक पुण्याला आणलीय (बायकोनं गॅलरीतली जागा दिली आहे, घरात नाही). दर रविवारी दोन अंक स्कॅन करतो, खिडक्यांसकट. आधी पत्रांची पानं, छोट्या जाहिराती, कुठल्या तरी गावच्या स्पर्धेची चार ओळींची बातमी. फोटो शेवटी, वेळ उरला तर. चिकटवह्यांमधल्या प्रत्येक फोटोची मागची बाजू टॉर्च लावून घेतो. आत्तापर्यंत ४१ झाल्या. त्यात आणखी तीन पत्रं निघाली, अर्धवटच. एक परभणी जिल्ह्यातलं आहे, एक सांगोल्याचं, तिसऱ्याचं गाव कापलं गेलंय. त्यांच्याही घरी कुणीतरी अंक शोधला असेल.

घर आता पाडून झालं असेल. दादाला परवा फोन केला तेव्हा मागे जेसीबीचा आवाज येत होता. पत्राचं काय झालं, त्यानं विचारलं नाही. मीच सांगितलं की शोधतोय. तर म्हणाला, "सापडलं तर झेरॉक्स पाठव. नातवाला दाखवतो."

तर मंडळी, विनंती एवढीच. तुमच्या माळ्यावर, गावाकडच्या ट्रंकेत, १९८७-८८ चे मराठी क्रीडा-अंक असतील, तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी वाचकांच्या पत्रांचं पान तेवढं बघा. खाली चाकूर दिसलं तर कळवा. ओळींचा उजवा अर्धा भाग माझ्याकडे आहे. डावा पाहिजे.